मशीनवरचं ‘एक मिनिट’: वॉशिंग मशीन बनवणाऱ्यांना नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
वॉशिंग मशीन बनवणाऱ्या सर्व कंपन्यांमधले अभियंते,
आणि भारतीय मानक ब्यूरो व ऊर्जा दक्षता ब्यूरो इथले संबंधित अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं घर आहे. चार मजली इमारत, आम्ही चौथ्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या. घरात आम्ही चौघं: मी, आमचे हे, सासूबाई आणि नववीतली मुलगी. मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून फ्रंट लोड मशीन घेतलं. ते कपडे चांगले धुतं, हे आधीच सांगते. ह्यांच्या शर्टावरचे तेलाचे डाग निघतात, गणवेशाच्या कॉलरी निघतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना आता मोरीत बसून कपडे आपटणं शक्य नाही. मशीन नसतं तर आमच्या घराचं कसं झालं असतं, हा विचारही नको वाटतो.

म्हणून धुण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वेळ जास्त लागतो अशीही नाही. दोन तास लागत असतील तर लागू देत. माझं म्हणणं मशीनच्या पट्टीवर उजळणाऱ्या त्या आकड्याबद्दल आहे, जो ‘आता इतकी मिनिटं राहिली’ असं सांगतो आणि ज्याच्यावर आम्ही आमची सकाळ बांधतो.

गेल्या जानेवारीतली एक सकाळ सांगते. शनिवार होता, मला सुट्टी होती. आमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी नेहमीप्रमाणे सव्वासातला आल्या. तेव्हा मशीनवर १४ दिसत होतं. त्यांनी भांडी घासली, ओटा पुसला, आणि सात अठ्ठावीसला आकडा १ वर आला. मावशींनी चिमट्यांची टोपली काखेत घेतली आणि ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आत आमची सोलापुरी चादर होती आणि दोन-चार बारीक कपडे. ड्रम डावीकडे दोन वळसे घ्यायचा, उजवीकडे दोन. चादर काचेला घासत वर जायची आणि धप्पकन खाली पडायची. मग ड्रम जरा वेग घ्यायचा, मशीनचं अंग थरथरायला लागायचं, आणि सगळं पुन्हा शांत. पुन्हा डावीकडे दोन वळसे. आकडा तोच, १. मी म्हणाले, “मावशी, तुम्ही जा, मी घालते वाळत.” त्या म्हणाल्या, “एकच मिनिट ऱ्हायलंय ना ताई, घालूनच जाते.” दाराचं कुलूप टक् करून सुटलं तेव्हा सात अठ्ठेचाळीस झाले होते. ते एक मिनिट वीस मिनिटं चाललं.

मावशींचं पुढचं काम तळमजल्यावर असतं. तिथले नवरा-बायको दोघंही पावणेआठला कुलूप लावून निघतात. त्या खाली पोचल्या तेव्हा दाराला कुलूप होतं आणि त्या दिवसाचा त्यांचा खाडा धरला गेला. मावशी दिवसाला पाच घरं करतात. पाचही घरी मशीन आहे, आणि पाचही घरी कपडे वाळत घालणं त्यांच्याकडे आहे. म्हणजे त्यांचा अख्खा दिवस तुम्ही बनवलेल्या पाच आकड्यांवर चालतो, आणि त्या पाचांपैकी एकाही आकड्यावर त्यांना विसंबता येत नाही. ते मशीन त्यांनी विकत घेतलेलं नाही, ग्राहक म्हणून त्यांचं नाव कुठल्याही वॉरंटी कार्डावर नाही. तुमच्या कुठल्या पाहणीत त्यांना कुणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. हे पत्र लिहायला मी बसले ते मुख्यतः त्या सकाळमुळे.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे: सात अठ्ठावीसला मशीनला खरं काय ते कळलं होतं. चादर एका बाजूला गोळा झाली आहे, पिळायला सुरुवात केली तर हिसका बसेल, हे त्याने मोजलं होतं. मोजलं म्हणूनच ते थांबत होतं. तरी समोर आकडा १ च ठेवला होता.

ते थांबतं ते बरोबरच आहे. मी हे समजून घेतलं आहे. पिळण्याआधी मशीन ड्रम अशा वेगाने फिरवतं की कपडे कडेला चिकटून राहावेत, आणि त्या फिरण्यात मोटरचा वेग किंवा तिने ओढलेला करंट किती कमी-जास्त होतो त्यावरून वजन एका बाजूला आहे का ते ओळखतं. साधारण ५० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरला, तर कडेच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या चारशे पट ओढ येते. अर्धा किलो जरी एकीकडे जास्त असलं, तरी दोनशे किलोंइतका जोर ड्रमला दर फेरीला एका बाजूला ओढतो. बेअरिंग तुटेल, मशीन जागचं सरकेल. तेव्हा त्याने थांबावं, कपडे पुन्हा पसरावेत, हवं तर दहा वेळा प्रयत्न करावा. पण अडलंय कुठे ते सांगावं. मला त्या दिवशी कळलं असतं, तर मी मशीन थांबवलं असतं, चादर सोडवून नीट केली असती, सोबत एक टॉवेल टाकला असता आणि मावशींना वेळेत खाली पाठवलं असतं. उलट झालं असं, की पाच-सहा प्रयत्नांनंतर मशीनने कमी वेगाने कसंबसं पिळून घेतलं आणि चादर निथळत बाहेर आली.

दुरुस्तीला आलेल्या मुलाला मी हे विचारलं होतं. चांगला मुलगा होता, काम मन लावून करत होता. तो म्हणाला, “मॅडम, तो अंदाजे वेळ असतो, पुस्तकात लिहिलंय तसं.” मी पुस्तिका काढून पाहिली. खरंच लिहिलं आहे की पाण्याचा दाब, पाण्याचं तापमान, कपड्यांचं वजन यानुसार वेळ कमी-जास्त होऊ शकतो. पण अंदाज सांगायची आपली एक रीत असते. कुणी विचारलं की कपडे व्हायला किती वेळ आहे, तर आपण म्हणतो ‘सव्वा तास तरी लागेल’, ‘तास-दीड तास धरा’. ऐकणाऱ्याला त्यातच कळतं की थोडं इकडे-तिकडे होईल. मशीन सांगतं १:०७. एक तास सात मिनिटं. सहा नाही, आठ नाही. असा मिनिटापर्यंतचा आकडा लिहिला की बघणारा तो मोजलेला आहे असंच समजतो. पुस्तिका कपाटात असते आणि आकडा दिवसभर डोळ्यांसमोर.

मी तपासणीच्या कामातली बाई आहे, त्यामुळे संशय आला की मोजायचं ही सवय. जानेवारीपासून मी एक वही घातली. तारीख, कुठला प्रोग्रॅम, सुरुवातीला मशीनने दाखवलेला वेळ, प्रत्यक्ष लागलेला वेळ, आत काय काय होतं. रोजचे कपडे ४० अंशांवर: दाखवला १:०७, लागला १:२९. चादरी ६० अंशांवर: दाखवला १:५४, लागला २:३३. अर्ध्या तासाचा झटपट प्रोग्रॅम: ४७ मिनिटं. मे महिन्यात एकदा ते पाच मिनिटं आधी संपलं, तेही लिहिलं आहे. वहीची पानं भरत गेली तसं एक गोष्ट ठळक दिसायला लागली: रोजच्या कपड्यांना उशीर व्हायचा तो बहुतेक वेळा पंधरा ते पंचवीस मिनिटांतलाच असायचा. म्हणजे हा उशीर अचानक होणारा नाही, तो ठरलेला आहे. माझ्या सासूबाई आकडा बघतात आणि मनातल्या मनात वीस मिळवतात. त्यांचं गणित मशीनपेक्षा जास्त वेळा बरोबर येतं. सहा वर्षांत आमच्या घरी हजारावर धुणी झाली असतील, त्याच नळावर, त्याच टाकीच्या पाण्यात, आणि आजही ते मशीन सकाळी १:०७ च म्हणतं. इतक्या वर्षांत त्याने आमच्या घराबद्दल काहीच शिकून घेतलेलं नाही.

हा ठरलेला उशीर कुठून येतो, तेही मी शोधलं. त्याचा मोठा भाग पाणी भरण्यात जातो.

आमच्या मशीनच्या नळाखाली मी दहा लिटरची बादली लावली आणि मोबाईलवर वेळ धरला. बादली भरायला तीन मिनिटं वीस सेकंद लागली. मग तळमजल्यावरच्या घरी विचारून तिथेही तेच केलं. तिथे एक मिनिट दहा सेकंद. इमारत तीच, टाकी तीच. फरक उंचीचा आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. आमच्या टाकीपासून आमच्या मशीनपर्यंत जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. माझ्या पुस्तिकेत किमान दाब एवढाच दिला आहे, म्हणजे आम्ही अगदी काठावर बसलो आहोत. खालच्या घराला तेच पाणी चार-पाच पट उंचीवरून येतं. एका धुण्याला, धुण्याचं आणि तीनदा खळबळण्याचं मिळून, ५५ लिटर पाणी धरलं तर खाली ते साडेसहा मिनिटांत भरतं आणि आमच्याकडे अठरा मिनिटांत. बारा मिनिटं इथेच गेली. आणि हे टाकी भरलेली असताना. नळाचं पाणी येऊन गेलं, वॉचमनने मोटर अजून लावली नाही, चार बिऱ्हाडांच्या आंघोळी चालू आहेत, अशा वेळी धार आणखी बारीक होते. उन्हाळ्यात गंगापूर धरणातल्या साठ्याच्या बातम्या सुरू झाल्या की सोसायटीत मोटर लावायच्या वेळा बदलतात, आणि त्याबरोबर आमच्या मशीनची वेळही बदलते.

आता हे तुमच्या चाचणीशी ताडून बघा. घरगुती वॉशिंग मशीनच्या कामगिरीची चाचणी कशी घ्यावी हे सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०४५६. त्यात मशीनला द्यायच्या पाण्याचा दाब २४० किलोपास्कल आणि थंड पाण्याचं तापमान १५ अंश धरलेलं आहे. २४० किलोपास्कल म्हणजे २४ मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी, जवळपास आठ मजल्यांची उंची. ज्या देशांत रस्त्याखालच्या पाइपमधून सरळ दाबाने पाणी घरात येतं तिथे हे ठीक आहे. आपल्याकडे पाणी आधी जमिनीतल्या टाकीत, तिथून मोटरने गच्चीवर, आणि गच्चीवरून आपल्या वजनाने खाली येतं. इंदिरानगर घ्या, सिडको घ्या, नाशिकरोड घ्या, इमारतींच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येक घराची ही गत आहे. त्या दाबाला धरून काढलेला वेळ आमच्या घरी खरा ठरणं शक्यच नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण स्वतः अशाच इमारतीत राहत असतील.

दुसरा भाग हीटरचा. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेल, निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यात येते. जानेवारीत सकाळी सहाला मी आमच्या टाकीचं पाणी मोजलं, १४ अंश होतं. मे महिन्यात दुपारी त्याच काळ्या टाकीचं पाणी ३६ अंश होतं. दोन किलोवॉटचा हीटर बारा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला जानेवारीत एकोणीस मिनिटं घेतो, मे महिन्यात दहा. कपडे आणि ड्रम तापायला लागणारी उष्णता वेगळीच. हे सगळं विजेचा दाब पूर्ण २३० व्होल्ट असताना. तो १९० वर आला, तर हीटरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घसरते, दोन हजार वॉटचे तेराशे-चौदाशे वॉट उरतात आणि जानेवारीतली एकोणीस मिनिटं अठ्ठावीस होतात. संध्याकाळी सगळ्या घरांतले गिझर एकदम लागले की आमच्याकडे ट्यूबलाइटसुद्धा दोनदा लुकलुकून लागते. तेव्हा बटण तेच, चादरी त्याच, आणि नुसतं पाणी तापायला कधी दहा मिनिटं तर कधी अठ्ठावीस. पाण्याचं तापमान बघणारा सेन्सर मशीनमध्ये असतो, नाहीतर त्याला ६० अंश झाले हे कळलंच नसतं. पाणी १४ अंशांचं आहे हे त्याला पहिल्या मिनिटाला समजतं. मग तेव्हाच आकडा का सुधारत नाही?

फेसाचंही असंच. हाताने धुवायची पावडर मशीनमध्ये टाकली, किंवा मशीनचीच पण एक माप जास्त पडली, की फेस होतो आणि मशीन एकदा जास्त खळबळून काढतं. इथे चूक वापरणाऱ्याची आहे हे मान्य. पण ती चूक झाली हे आम्हाला कळलं, तरच पुढच्या वेळी आम्ही पावडर कमी टाकू. आणखी एक: आपल्याकडे बऱ्याच घरांत कपडे रात्री बादलीत भिजवतात आणि सकाळी ओलेच मशीनमध्ये टाकतात. मशीन सुरुवातीला ड्रम फिरवून वजनाचा अंदाज घेतं, तो कोरडे कपडे धरून. ओले कपडे जड भरतात, मशीनला वाटतं ढीगभर आहेत, आणि पुढचं सगळं गणित त्यावर जातं. ही सवय चुकीची म्हणा हवं तर, पण ती लाखो घरांत आहे आणि मशीन त्याच घरांसाठी बनतं.

आमच्याकडे याआधी सेमी ऑटोमॅटिक होतं. त्याचा खटका फिरवला की टिकटिक सुरू व्हायची, धुवायला पंधरा मिनिटं, पिळायला पाच. त्या खटक्यावर कधी रागवायची वेळ आली नाही. पाणी आम्ही स्वतः डोळ्यांनी बघून भरायचो, कपडे एका ड्रममधून दुसऱ्यात हाताने टाकायचो, तिरके बसले तर झाकण उघडून सारखे करायचो. खटका फक्त जेवढं मशीन स्वतः करतं तेवढंच मोजायचा. आता पाणी भरणं, तापवणं, कपडे सारखे करणं हे सगळं मशीनने अंगावर घेतलं. त्याबद्दल मी तुमची आभारीच आहे. पण काम अंगावर घेतलं की त्याचा हिशेब देणंही आलं.

आमच्या कारखान्यात प्रत्येक नगाचा सायकल टाइम फळ्यावर लिहिलेला असतो. तेवढ्या वेळात नग आला नाही, तर मशीनवरचा मुलगा रजिस्टरमध्ये कारण लिहितो: टूल बदललं, हवेचा दाब कमी होता, माल उशिरा आला. कारणाशिवाय उशीर लिहिताच येत नाही. आणि महिनाभर एकच कारण दिसत राहिलं, तर फळ्यावरचा सायकल टाइम बदलतात, कारण चुकीच्या आकड्यावर पुढच्या मशीनचं, पॅकिंगचं, गाडी भरण्याचं सगळं नियोजन कोसळतं. तुमच्या स्वतःच्या कारखान्यांतही असंच चालत असणार. घरातही पुढची कामं त्याच आकड्याला बांधलेली असतात. वाळत घालायचं, मग डबे, मग बस. आम्ही घराबाहेर पडताना मशीन चालू ठेवत नाही, पाइप सुटला तर खालच्या घरात पाणी उतरतं. त्यामुळे मशीनला उशीर म्हणजे घरातलं एक माणूस अडकलं. फेब्रुवारीत सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. मशीनवर २४ दिसलं म्हणून मी रिक्षा सांगितली. रिक्षा खाली उभी, सासूबाई चप्पल घालून दारात बसलेल्या, आणि मशीन पन्नास मिनिटांनी थांबलं. दवाखान्यात नंबर गेला आणि त्या माउलीला दुपारी एकपर्यंत बाकावर बसावं लागलं.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही, आणि त्यासाठी मशीनमध्ये नवीन भाग बसवायची गरज पडेल असं मला वाटत नाही. पाणी किती भरलं हे मशीनला कळतं, किती तापलं हे कळतं, तोल गेला हे कळतं, फेस झाला हे कळतं. तेच आम्हाला सांगा. ‘पाणी भरत आहे, धार कमी आहे.’ ‘कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत.’ ‘फेस जास्त आहे, पुन्हा खळबळत आहे.’ पट्टीवर जागा नसेल तर एक-एक साधं चित्र चालेल, जे मावशींनाही वाचल्याशिवाय कळेल. जागा असेल तर मराठीत लिहा. मोबाईलच्या ॲपमध्ये हे देऊ असं कृपा करून म्हणू नका, मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो मोबाईल नसतो.

सुरुवातीचा आकडा पहिलं पाणी भरून झाल्यावरच ठरवा. तोवर ‘मोजत आहे’ एवढंच दाखवा, आम्ही थांबू. पहिलं पाणी भरायला किती वेळ लागला यावरून पुढची तीन वेळची भरणी किती घेतील हे त्रैराशिकाने निघतं, शाळकरी पोराला येईल असं गणित आहे. मागच्या दहा धुण्यांचे खरे वेळ लक्षात ठेवा आणि त्यावरून या घराचा आकडा सांगा. वेळ वाढत असेल तर आकडा वाढवा. ३० चे ४५ झालेले दिसले तर आम्हाला वाईट वाटेल, पण पंधरा मिनिटं मोकळी मिळतील आणि त्यात पोळ्या होतात. आणि शेवटच्या टप्प्यात, कपडे सारखे व्हायला किती वेळ लागेल हे खुद्द मशीनलाच माहीत नसतं तेव्हा, तो १ काढून टाका. काहीही आकडा दाखवू नका. त्या सकाळी १ च्या जागी नुसती तोल गेल्याची खूण असती, तर मावशी थांबल्या नसत्या.

दुकानात कमी वेळाचं मशीन लवकर खपतं, म्हणून आकडा कमी ठेवायचा मोह होत असावा अशी मला शंका आहे. ती चुकीची असेल तर मला आनंदच होईल. पण यावर एकेकट्या कंपनीने प्रामाणिक व्हायचं म्हटलं, तर शेजारच्या कंपनीचं मशीन दुकानात उगाच वेगवान दिसेल. म्हणून हे पत्र मानक ब्यूरोलाही आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१९ साली वॉशिंग मशीनसाठी स्टार लेबल आणलं. मुलीच्या मामाला मशीन घ्यायचं होतं तेव्हा मी दुकानात ती लेबलं एकेक करून वाचली. वीज आणि पाणी यांचा हिशेब होता, वेळेचा आकडा मला कुठे दिसला नाही. युरोपात १ मार्च २०२१ पासून जे नवं लेबल आलं, त्यावर ठरलेल्या प्रोग्रॅमला किती तास-मिनिटं लागतात ते छापावंच लागतं. आपल्याकडेही ते छापलं जावं. आणि छापताना दोन आकडे असावेत: एक चाचणीच्या पूर्ण दाबाचा, एक गच्चीवरच्या टाकीच्या दाबाचा, ०.३ बारचा. दुसऱ्या आकड्याखाली ‘वरच्या मजल्यासाठी’ असं लिहिलं तरी पुरे. आम्ही काय घेतोय ते आम्हाला दुकानातच कळेल.

माझ्या वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे, ज्यांना हवी त्यांना पाठवेन. त्याहून बरं म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी एकदा सकाळी प्रत्यक्ष या. दहा लिटरची बादली, थर्मामीटर आणि सोलापुरी चादर घरात आहे, तुमचं मशीन तुम्ही आणा आणि चौथ्या मजल्यावर लावून बघा. येणार असाल तर सातच्या आत या. मावशी सव्वासातला येतात आणि त्यांना पावणेआठच्या आत तळमजल्यावर पोचायचं असतं.

आपली विश्वासू,
एक ग्राहक,
पाथर्डी फाटा, नाशिक